बहिणीचे दोन पासपोर्ट आणि माझा सातबारा

लंडनच्या विमानतळावर धाकट्या बहिणीनं पर्समधून दुसरा पासपोर्ट काढला आणि खरं सांगतो, माझ्या पोटात दुखलं. कॅनडातून आम्ही सोबत निघालो, तेव्हा तिनं तिथला दाखवला होता. आता इंग्लंडचा. यंत्राचं फाटक उघडलं आणि बाई पलीकडे! मी अमरावतीचा मोठा भाऊ, एका पासपोर्टाचा धनी, दीड तास रांगेत.

खिडकीतल्या साहेबानं विचारलं, परत जाणार ना? मी फाईलमधून मोर्शीच्या संत्राबागेचा सातबारा काढून पुढे ठेवला. व्हिसाच्या वेळी अकोल्याच्या एजंटानं बजावलं होतं, जमीन दाखवा, जमीनवाला माणूस परत येतोच. साहेबानं तो मराठी कागद उलटा धरून पाहिला आणि शिक्का मारला.

बाहेर बहीण सामानापाशी आरामात कॉफी पीत बसलेली. माझं डोकं फिरलं. “तुयं बरं हाय,” म्हटलं, “दोन-दोन देश पर्समध्ये. मले या एका कागदानं तारलं.”

तिनं सातबारा हातात घेतला. मालकाच्या रकान्यावरून बोट फिरवलं. तिथं माझं एकट्याचं नाव. बाबा गेल्यावर तिनं हक्कसोडपत्रावर सही केली होती. आमच्याकडे बहिणी करतातच. मी एक साडी देऊन ती करून घेतली होती.

तिनं कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

“मले नाही विचारलं रे दादा कोणी, परत जाशील का म्हणून.”