अकरा घरांसाठी एकच प्रत

देवाजी आमच्या गावात इंटरनेटच्या वायरी ओढायचा. तालुक्याच्या गावाहून, मूलहून, येणाऱ्या एका बारीक लाइनवर त्याने अख्खं गाव जोडलं होतं. माझ्याकडे इन्व्हर्टर आहे, म्हणून कंपनीची पेटी त्याने माझ्या ओसरीवर बसवली. तिथून वायर पुढे खालच्या टोलीत, गावाच्या कडेच्या वस्तीत, जाई.

रोजनिशीची सवय मला कॉन्व्हेंटमध्ये लागली. सिस्टर रोज वही तपासायच्या. यजमान गेल्यावर तर तीच सोबत उरली. गेल्या एप्रिलात माझ्या लक्षात आलं, की घरातलं सगळं बंद असलं तरी संध्याकाळी सहा ते आठ पेटीवरचा हिरवा दिवा सारखा लुकलुकतो. एकोणीस दिवस मी वेळा टिपल्या आणि देवाजीला विचारलं.

"बाई, टोलीतल्या पोरींचा नर्सिंगचा वर्ग हाये तो. चंद्रपूरवरून लाइव्ह येते. अकरा घरं पाहतेत, पन मूलवरून मी एकच कॉपी आणतो. जिथी फाटा फुटते तिथीच तिच्या दोन होतेत. ज्यानं मांगतलं त्याच्याच घरी जाते."

"पण माझ्या पेटीतून?"

"तुमचं काई कमी नाई होऊन राह्यलं. आंब्याखालून लोकं गेले म्हणून झाडाचे आंबे सरतेत का?"

तो हसला. मला ती उडवाउडवी वाटली. मी कंपनीला तक्रार लिहिली, 'चोरून जोडण्या देतो' असा शब्द वापरला, सोबत एकोणीस तारखा जोडल्या. देवाजी टोलीतला; आमच्या वरच्या आळीतल्या कुणी हेच सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. एवढं वाक्य लिहायला मला आठ महिने लागले.

आठवड्यात देवाजीचं काम गेलं. नव्या माणसाने त्याची सगळी मांडणी काढून टाकली. त्या संध्याकाळी अकरा घरांनी एकच वर्ग अकरा वेळा मूलहून ओढायला सुरुवात केली आणि लाइन तुंबली. टोलीतली दिव्यानी धावत आली. "आजी, तुमच्या इथी तरी दिसते का? आमच्या मॅडम तोंड उघडं ठेवून थांबल्या." माझ्याकडेही तेच. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

नवा माणूस म्हणाला, "आधीचा हुशार होता. तसं मला नाई जमत."

माझी एकही नोंद चुकीची नव्हती. अर्थ तेवढा चुकला होता.

मी कंपनीच्या मूलच्या कचेरीत जाऊन तक्रार मागे घेते म्हटलं. साहेब म्हणाले, फाइल बंद झाली. देवाजी तोवर पहाटेच्या गाडीने बल्लारपूरला हमालीला जाऊ लागला होता. मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको नीलाबाई पाणी ठेवून आत निघून गेली. मी सगळं सांगितलं.

 देवाजीने एवढंच विचारलं, "पोरींची परीक्षा कधी हाये?"

रविवारी त्याने नव्या माणसाला शेजारी बसवून दोन तासांत मांडणी पुन्हा लावून दिली. चहा घेतला नाही.

वर्ग सुरू झाला तशा पोरी माझ्या ओसरीवर आल्या. "आजी, तुम्ही मूलला गेल्या म्हणून झालं हे!" अंगणात देवाजी वायर गुंडाळत होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"असू दे गं," मी म्हणाले; तक्रारीचं नाव काढलं नाही.

त्याला काम परत मिळालं नाही. गावात अजून काही जण त्याला चोर म्हणतात. ती तक्रार माझी होती.