कयाधूच्या पुलावरचा गारठा आणि माझ्या तापत्या मुठी

"अगं थांबव त्याला! चांगल्या गाडीची मूठ काहून कापून राहिला तो?"

आमचे मालक अंगणातून असे ओरडले की गोठ्यातल्या म्हशीनं कासेत आलेलं दूध परत वर ओढून घेतलं. स्कूटरपाशी बसलेला मिस्त्री ब्लेड हातात धरून थबकला.

मी म्हटलं, "काप भाऊ. ते मालक माझे हायेत, गाडीचे न्हाईत."

मिस्त्रीनं ब्लेड फिरवलं आणि हँडलची जुनी रबरी मूठ केळ्याच्या सालीसारखी सोलून निघाली.

आता हे काय चाललं होतं ते सांगते. मी रोज पहाटे पायाशी दुधाचे दोन कॅन ठेवून नरसीकडून हिंगोलीला जाते आणि तिथल्या चहाच्या हॉटेलांना दूध घालते. उन्हाळा-पावसाळा कसाही जातो, पण हिवाळ्यात कयाधूच्या पुलावर जो गारठा बसलेला असतो तो माणूस ओळखून धरतो. माझी बोटं आधी लाल होत, मग पांढरी, मग परकी. हिंगोलीत पोचल्यावर एकेकाला हाक मारून गोळा करावी लागत. गेल्या पौषात समोर बैलगाडी आली. मी ब्रेक दाबला असं मला वाटलं, बोटांना तसं काही वाटलं नव्हतं. बैलगाडी चुकवली खरी, पण स्कूटर थेट कडब्याच्या गंजीत घुसली. दूध थेंबभर सांडलं नाही. उलट त्या दिवशी दुधाला साय जास्त आली, कडब्याचाच गुण तो.

पण मालकांना कारण सापडलं. "उद्यापासून माझ्या मोटरसायकलवर मागं बस. कॅन धर अन् गप ऱ्हाय."

"कॅन धरून गप ऱ्हायाला मी काय तिसरा कॅन हाय?"

त्याच दिवशी मी हिंगोलीत गाड्यांच्या सामानाच्या दुकानात जाऊन उभी राहिले. दुकानदारानं आधी जाड हातमोजे दाखवले. ते घातल्यावर दुधाचं माप धरता येईना. मग हँडलवर चढवायची गोधडीसारखी कव्हरं काढली. त्यात हात गेला तो पोत्यात मांजर शिरल्यासारखा, बाहेर यायला तयार नाही. शेवटी मी म्हटलं, तापणाऱ्या मुठी दाखवा. तर त्यातही दोन प्रकार. एक नुसती वरून गुंडाळायची गरम पट्टी. ती लावली की मूठ एवढी फुगायची की बोटं ब्रेकपर्यंत पोचत नव्हती. "मला गाडी थांबवायची हाय, पपई धरायची न्हाई," असं म्हणून मी ती परत सरकवली. दुसऱ्या म्हणजे जुनी मूठ काढून त्या जागी बसवायच्या अख्ख्या मुठी.

दुकानदार हसला. "भाभी, ये तो काश्मीरवाले लोगां लेते."

"एकदा पहाटे आमच्या पुलावर या. तिथून काश्मीर दिसतंय."

तर त्याच मुठी मिस्त्री अंगणात बसवत होता. गोठ्यात मोबाइल टांगून, धारा काढता काढता मी इतके व्हिडिओ पाहिले होते की म्हशीलाही वायरिंग कळायला लागलं होतं. मिस्त्री म्हणाला, डायरेक्ट बॅटरीला जोडतो. मी म्हटलं, नाही, चावीवरून दे. चावी बंद की मूठ बंद. आणि उजवीकडची वायर ढिली ठेव, मूठ पिळली की ताणून तुटायला नको.

मालक बाजूला उभे राहून ऐकत होते. "एक दिवस जरी या मुठींपायी गाडी अडली तर मागं बसायचं. बराबर?"

"बराबर."

दुसऱ्या दिवशी पुलावरचा गारठा सवयीनं पुढं आला, मुठीला हात लावला आणि भाजून नदीत पळाला. मी गल्लीत सांगितलं की येताना मुठीवर शेंगा भाजून खाल्ल्या. सगळे खो खो हसले. मालक सगळ्यांत मोठ्यानं.

आमच्या गल्लीत पहाटे तुराट्यांची शेकोटी पेटते. चार माणसं बसतात, हळदीच्या भावावर बोलतात आणि उजाडलं की उठतात. एकदा रात्रीतून पावसाचा शिडकावा झाला आणि तुराट्या ओल्या झाल्या. मी नेहमीसारखी चावी लावून स्कूटर दारात उभी केली आणि धारा काढायला गेले. गल्लीत चावी कोणी काढत नाही. कॅन घेऊन बाहेर येते तर शेकोटीच्या जागी कोणी नाही, सगळी मंडळी माझ्या स्कूटरभोवती! उजवी मूठ शेजारच्या काकांच्या हातात, बाकीचे पाळीची वाट बघत, आणि डाव्या मुठीला डोळे मिटून धरलेले आमचे मालक.

काका घाईघाईनं म्हणाले, "नुसती चावी फिरवली, इंजन बंदच ठेवलंय हं, सूनबाई. तुझं पेट्रोल काहून जाळायचं?"

मी स्टार्टर दाबला. गाडी टिक म्हणाली आणि मेली. मुठींनी सगळी बॅटरी पिऊन टाकली होती. किक तिला नव्हतीच.

मालकांनी लगेच मोटरसायकल काढली. "अडली ना? ठरलं होतं. चाल, बस मागं."

मी त्यांचा हात धरला. ताज्या भाकरीएवढा गरम. "हा हात कशानं तापला?"

मालकांनी हात सोडवून खिशात घातला.

"मुठीनं गाडी अडली न्हाई, शेकणाऱ्यांनी अडवली. काका, ट्रॅक्टर आना!"

काकांनी मुकाट ट्रॅक्टर आणला. ज्यांनी हात शेकले होते त्यांच्याच हातून मी त्याच्या बॅटरीच्या वायरी माझ्या बॅटरीला लावून घेतल्या. गाडी हंबरून उठली. मालक मोटरसायकलवर तसेच बसून होते, मागची सीट रिकामी. मी कॅन पायाशी ठेवले आणि त्यांच्या समोरून हॉर्न वाजवत गेले. हॉटेलवाल्यांनी उशीर झाला म्हणून तोंडं वाकडी केली. त्यांना सांगितलं, गावात ट्रॅक्टर माझ्या गाडीला दूध पाजत होता.

परत आले तेव्हा मालक ओट्यावर बसले होते. मी गाडी मुद्दाम त्यांच्या पायाशी लावली, चावी काढली आणि कमरेला खोचली.

"आता सांगा. उद्यापासून मी पुढं बसू का मागं?"

मालकांनी चावीकडं पाहिलं, मग मुठीकडं.

"पुढंच बस," ते म्हणाले. "पण गाडी चालू करून जरा येळ उभी करत जाय."