भाऊजी मुदीर होतात

शुक्रवार, मार्च महिना, २०१५. स्थळ: मस्कतमधल्या वादी अदाईच्या डोंगराखालचं खडीचं मैदान. वेळ: दुपारनंतरची असरची नमाज आटोपल्यावर. प्रसंग: फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना. हजर: आमचा कोकणवाल्यांचा संघ, अकरा अधिक दोन राखीव; समोर सोहारच्या कारखान्यांतली तगडी पोरं; आमच्या संघाला शर्ट देणारे अर्बाब, म्हणजे भाऊजींच्या कंपनीचे ओमानी मालक; माझे यजमान, चटई आणि उशीसह; मी, वही आणि संत्र्यांच्या फोडींचा डबा घेऊन; आणि मैदानाच्या कडेला, आयुष्यात पहिल्यांदाच मॅनेजर झालेले आमचे भाऊजी.

आमच्या भाऊजींनी जितके फुटबॉल मॅनेजर नोकरीवरून काढले, तितके जगातल्या कुठल्याही मालकाला काढता आलेले नाहीत. आणि तेही आमच्या सोफ्यावरून न उठता. भाऊजी म्हणजे यजमानांचे चुलतभाऊ, मूळचे गुहागरकडचे, मस्कतमध्ये एसी दुरुस्तीचे फोरमन. बायकामुलं गावी, त्यामुळे सुट्टीचे दोन्ही दिवस जेवायला आमच्याकडे. इंग्लंडमधल्या एका क्लबवर त्यांचा पोरवयापासून जीव. त्या क्लबचं मैदान त्यांनी कधी पाहिलं नाही, पण मालकाची अक्कल, मॅनेजरची नियत आणि डाव्या बॅकचा गुडघा यांची त्यांना खडान्‌खडा माहिती. शनिवारी मॅच सुरू झाली की पाचव्या मिनिटाला हाक यायची, "वहिनी, लिहून घ्या!" मला याद्या करायची सवय. किराण्याची, औषधांची, गावी न्यायच्या सामानाची अशा याद्या एका वहीत असतात. त्याच वहीच्या मागच्या पानांवर भाऊजींचे मॅनेजरविरुद्धचे मुद्दे क्रमांक घालून लिहिलेले आहेत.

त्यांची मुख्य तक्रार अशी की, खेळातली मजा गेली. पूर्वी म्हणे चेंडू मिळाला की माणूस समोर धावायचा. आता हे लोक एकमेकांना चेंडू देतात तो लग्नातल्या आग्रहासारखा: घ्या हो, नको हो, आधी तुम्ही, छे छे, पंक्तीच्या त्या टोकाला विचारा. "वहिनी, ही मॅच आहे की हळदीकुंकू?" ते कळवळून विचारायचे. मालकांवरचा राग एसीच्या भाषेत निघायचा. नवा मॅनेजर आणला की म्हणायचे, "कॉम्प्रेसर गेलाय आणि हे शहाणे रिमोट बदलतायत!" एकदा मवालेहच्या भाजीमंडईत कलिंगडं निवडताना त्यांनी या विषयावर असं व्याख्यान दिलं की पाच गिऱ्हाइकं जमली, भाजीवाला वजन करायचं विसरला आणि आम्ही कलिंगड न घेताच घरी आलो. सामना फारच रटाळ झाला तर भाऊजी निषेध नोंदवायचे. सोफ्यावर आडवे व्हायचे, तोंडावर उशी घ्यायचे आणि आतून सांगायचे, "गोल झाला तर उठवा." पुष्कळदा त्यांना थेट जेवायलाच उठवावं लागे.

एक पत्रही होतं. क्लबच्या मालकाला, विषय: मॅनेजरला ताबडतोब काढणेबाबत. भाऊजींनी सांगितलं, मी मुद्देसूद इंग्रजीत उतरवलं, पाकिटावर तिकीट लावलं. पण मी रुवीच्या पोस्टात जाईपर्यंत तो मॅनेजर नोकरीवरून गेला. नाव बदलून दुसरी प्रत केली, दुसराही गेला. शेवटी भाऊजी म्हणाले, "नावाची जागा मोकळी ठेवा, वहिनी. हे लोक आपल्याला पोस्टात पोचू देत नाहीत."

तर अशा माणसाला संघ मिळाला कसा? आमचा कॅप्टन अश्रफ, दापोलीचा, मवालेहच्या मंडईतच कामाला. वाऱ्यासारखा धावतो. स्पर्धेआधी तो आमच्याकडे चहाला आला आणि भाऊजींचे मुद्दे ऐकून ऐकून कावला. "भाई, इतकं कळतं तर तुम्हीच व्हा ना मॅनेजर!" भाऊजी तडक उभे राहिले. "होतो! वहिनी, लिहून घ्या. मुद्दा सातवा: एक गोल करून जो मागे बसतो, तो मॅनेजर नव्हे, वॉचमन. मी तसं केलं, तर आयुष्यात पुन्हा कुठल्याही मॅनेजरबद्दल तोंड उघडणार नाही." मी लिहिलं, खाली सही घेतली. अश्रफने साक्षीदार म्हणून सही केली. ज्या माणसाचा शनिवार बोलण्यावर चालतो, त्याने जीभच गहाण टाकली होती.

संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि विसाव्या मिनिटाला अश्रफने गोल मारला. भाऊजी टुणकन उडाले. अर्बाब मात्र प्लास्टिकच्या खुर्चीतून शांतपणे उठले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हिंदीत म्हणाले, "मुदीर, एक गोल बस. अब दरवाजा बंद. खलास." मुदीर म्हणजे मॅनेजर. इथे कुणालाही गमतीने म्हणतात, पण अर्बाब गंमत करत नव्हते.

मध्यंतरानंतर आमचा संघ मैदानात आला तो गोलच्या तोंडाशी दाटीवाटीने उभा राहिला, अश्रफसुद्धा. सगळ्यांचे शर्ट एकाच मोठ्या मापाचे असल्यामुळे ते दृश्य वाळत घातलेल्या चादरींसारखं दिसत होतं. अश्रफ तिथूनच ओरडला, "ओ भाई! आठवडाभर मी टोमॅटोचे क्रेट राखतो. इथे पण राखणच करू काय?" सोहारवाले आदळत होते, आमचे चेंडू डोंगरावर भिरकावत होते. प्रेक्षक चहाच्या गाडीकडे निघाले. आणि मग माझ्या यजमानांनी, जे सहसा काहीच बोलत नाहीत, चटईवर अंग टाकलं, तोंडावर उशी घेतली आणि आतून म्हणाले, "गोल झाला तर उठवा."

भाऊजींचा चेहरा पडला. मी वही घेऊन शेजारी गेले.

"मुद्दा सातवा वाचू?"

"नको." मग हळूच म्हणाले, "वहिनी, अर्बाबकडे माझा व्हिसा आहे. मुलीचं इंजिनिअरिंगचं अजून एक वर्ष आहे."

इतकी वर्षं त्यांचे मुद्दे लिहिले, पण मॅनेजरलाही अर्बाब असतो हा मुद्दा आमच्या वहीत कुठेच नव्हता. मला खरंच वाईट वाटलं. मी वही मिटली आणि म्हटलं, "राहू दे, भाऊजी. पान फाडून टाकते."

हे ऐकून ते असे वळले की जणू मी त्यांचा पासपोर्टच फाडणार होते. "फाडायचं नाही!" असं म्हणून ते सरळ मैदानाच्या रेघेवर गेले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "यल्ला! सगळे पुढे! अश्रफ, पळ रे बाबा, पळ!"

त्यानंतर पाच मिनिटांत आम्ही दोन गोल खाल्ले. अर्बाबांनी कपाळाला हात लावला. भाऊजींनी मागे वळून पाहिलंच नाही, "पुढे! अजून पुढे!" एवढा एकच धोशा. अश्रफने एक फेडला, मग आणखी एक मारला. चहाची गाडी ओस पडली, चहावालाही किटली घेऊन रेघेवर आला. सोहारने तिसरा गोल केला. तीन-तीन. रेफरी घड्याळ बघू लागला, तेव्हा आमचा राजापूरचा सुतार बॅक, ज्याला अर्बाबांचं दार राखायचं होतं, अख्खं मैदान कापत गेला आणि गुडघ्यापर्यंत लोंबणारा शर्ट सावरत त्याने चेंडू आत ढकलला. चार-तीन! त्या संध्याकाळी वादी अदाईच्या डोंगरांनी जो आवाज ऐकला असेल, तो पुन्हा ऐकायला मिळणं कठीण. उशी हवेत गेली. संत्र्यांचा डबा लवंडला, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

अर्बाब एका पायातली चप्पल हरवून धावत आले आणि त्यांनी भाऊजींना उचललंच. "मुदीर! दरवाजा किधर गया?"

"अर्बाब, दरवाजा निकाल के फेक दिया. हवा आने दो!"

मी पेन काढून तयार होते. "सांगा भाऊजी, लिहून घेते." त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि नुसतीच मान हलवली. वहीत त्या तारखेपुढे 'चार-तीन' याखेरीज काही नाही.

पुढच्या वर्षी मुलगी इंजिनिअर झाली आणि भाऊजी कायमचे गावी गेले. निघताना त्यांनी जुनं पत्र रद्द करवलं आणि नवं लिहवून घेतलं: 'महोदय, ह्या मॅनेजरला काढू नका. त्याला दार लावायला तुम्हीच सांगितलं असेल. एकदा त्याच्याशेजारी उन्हात उभे राहा, आणि सांगा, पुढे.' शनिवारी अजून फोन येतो, "बघताय ना वहिनी? हळदीकुंकू चाललंय!" सोफ्याची ती बाजू मात्र आता कुणी दाबत नाही.

पत्र वहीतच आहे. दोनदा नाव घातलं, दोन्हीदा पोस्टात जाण्याआधी तो माणूस गेला. आजच्या कामांच्या यादीत सगळ्यावर खूण झाली. तेवढं एक राहिलं: सध्या कोण मॅनेजर आहे ते भाऊजींना विचारून नाव भरणे, आणि पत्र टाकणे.