तपासलेली पापं

तिसरीच्या वर्गशिक्षिकेला आम्ही सगळे लाल पेनबाई म्हणायचो, आणि तिला ते ठाऊक होतं. समोर आलेला कागद न तपासता सोडणं तिच्या रक्तातच नव्हतं. फादरांनी लावलेली सूचना असो की धाकट्या बहिणीची लग्नपत्रिका, पेन चालायचंच. मी शेजारच्या चौथीची बाई. आमच्या दोन वर्गांमध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती, त्यामुळे तिचं शुद्धलेखन माझ्या मुलांनाही फुकटात मिळायचं. धर्मशिक्षणाचं तेच. प्रश्न ती तिकडे विचारायची आणि उत्तरं माझी मुलं पुटपुटायची.

तिसरीत मुलांचं पहिलं पापनिवेदन असतं, म्हणजे फादरांना आपली पापं सांगायची, आणि ते झालं तरच पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर. फादरांपुढे गेलं की मुलं भीतीने सगळं विसरतात, म्हणून ती त्यांना आपापली पापं आधी चिठ्ठीवर लिहायला लावायची. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही आणि काम झालं की फाडून टाकायची, हा नियम. एकदा एका मुलाने उभं राहून तक्रार केली होती की शेजारचा माझी पापं बघून लिहितोय. आम्ही ते महिनाभर पुरवून पुरवून हसलो.

त्या वर्षी पापनिवेदन शनिवारी होतं. गुरुवारी चिठ्ठ्या लिहून होताहेत तोच घंटा झाली, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "कागद गोळा करा." मुलंही गुणी, दिले आणून. मधल्या सुट्टीत मी चहाला बोलवायला गेले तर ही मान खाली घालून लाल रेघा मारत बसलेली. काय तपासतेस म्हणून मी विचारलं, तेव्हा कुठे ती भानावर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. एकवीस चिठ्ठ्या झाल्या होत्या आणि बाविसावी हातात होती.

ती खिडकीजवळच्या दोन वेण्यांच्या मुलीची होती. मुलीची आई चार महिन्यांपूर्वी आजारात गेली होती. चिठ्ठीवर एकच वाक्य होतं, 'आई मेली तेव्हा मला रडू आलं नाही', आणि त्याखाली लाल रेघ ओढून झाली होती. ती मुलगी आता नर्स आहे आणि हे मी तिला विचारूनच लिहिते आहे.

खरं सांगते, मला तेव्हा मैत्रिणीचा भयंकर राग आला. पण सुट्टी संपल्यावर तिने वर्गापुढे उभं राहून सांगितलं की मी वाचायला नको होतं, माझी चूक झाली, मला माफ करा. मुलांनी लगेच माफ केलं. एकाने तर गुण किती मिळाले तेही विचारलं.

शाळा सुटल्यावर ती दोन वेण्यांची मुलगी बाईच्या टेबलाशी आली आणि शनिवारी मी चर्चमध्ये येणार नाही, एवढंच म्हणाली. म्हणजे तिचा ख्रिस्तप्रसादही अडला. मी पलीकडे फळा पुसत होते, तो पुसायचा थांबवला. चोरून ऐकलं, कबूल करते.

लाल पेनबाईने आधी पुस्तकातलं उत्तर दिलं. जाणूनबुजून केलेलं वाईट तेच पाप, रडू न येणं हे पाप नाही, वगैरे. मुलगी ढिम्म.

मग बाईचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालचा. "माझी आई गेली तेव्हा मी आलेल्या माणसांना चहा करत होते. मलाही रडू आलं नाही."

"मग कधी आलं?"

"अजून नाही."

बाईची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्या दिवशी मी तिच्या घरीच होते, तिच्याच हातचा चहा प्यायले होते आणि बाई काय धीराची आहे, असं जो भेटेल त्याला सांगत सुटले होते. डस्टर हातात धरून मी तशीच उभी राहिले. माझी मलाच लाज वाटली.

मुलीने विचारलं, हे तुम्ही फादरांना सांगितलंत का? बाई नाही म्हणाली. कुणालाच सांगितलं नाही, म्हणाली.

"मग शनिवारी रांगेत माझ्या मागे उभ्या राहा, बाई," मुलगी म्हणाली. "आधी मी सांगते."