पाय आत होता

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी राहात्याला शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेषा मारून घेत होते. क्रीडा सप्ताह तोंडावर आला होता. फोन पूजाचा होता. शेवगावच्या आमच्या तालमीत आता तीच पोरींना शिकवते. ती एवढंच म्हणाली, "ताई, नाना गेले. सकाळी दूध पिऊन बसले होते, बसल्या जागी मान टाकली." मी बरं म्हटलं, येते म्हटलं, आणि उरलेल्या रेषा पूर्ण करून घेतल्या. मुली विचारत होत्या, बाई, काय झालं? मी सांगितलं, माझे वस्ताद वारले. मग त्यांनी आपणहून बूट काढले आणि मैदानाच्या कडेला गप्प बसल्या. त्यांना पाहून तरी मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला राग आला होता, आणि ज्याच्यावर तो काढायचा तो माणूस आता हाताशी राहिला नव्हता...

रंगनाथ वस्तादांना शेवगाव तालुक्यात सगळे नाना म्हणत. ऐन उमेदीत ते जत्रांच्या मैदानांत गाजलेले पैलवान होते. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. एका मोठ्या मैदानात त्यांनी बाहेरच्या एका नामांकित पैलवानाची पाठ मातीला लावली, आणि आयोजकांना आपला पाहुणा पडलेला नको होता म्हणून पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. ही हकीकत नानांनी आम्हाला कितीदा तरी सांगितली असेल. सांगताना आवाज चढत नसे. फक्त हाताने मांडीवर माती चोळल्यासारखं करत आणि म्हणत, "पब्लिकनं बगितलं, त्यानं बगितलं, म्या बगितलं. एका पंचालाच तेवढं दिसलं न्हाई." त्यानंतर दोनेक वर्षांत त्यांनी मैदानं सोडली, बाजार समितीमागच्या एका जुन्या गोदामात तालीम काढली, आणि पुढे परीक्षा देऊन पंचाचा परवानाही मिळवला. माझ्यासारखं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून पंच झालो, असं ते सांगायचे. मी ते अक्षरशः खरं मानत होते.

मी तालमीत कशी आले ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे आईबाप दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि मलाही न्यायचे. उसाच्या फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत भाकरी करायच्या, धाकट्या भावाला सांभाळायचं, आणि उन्हाळा लागता लागता परत येऊन शाळेत मागच्या बाकावर बसायचं. सातवीत असताना शाळेच्या कबड्डीत नानांनी मला पाहिलं आणि त्याच संध्याकाळी सायकलवर आमच्या घरी आले. बापाने पोतं अंथरलं. नाना बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "ही पोरगी माझ्याकडं ठिवा. फडावर नेऊ नका. माझ्या घरात माझ्या लेकीसारखी राहील." आई आत रडत होती. पोरीला कुस्ती शिकवायची म्हणजे काय, हे बापाला उमगत नव्हतं. पण एक तोंड कमी आणि शाळाही चालू, या हिशेबाने तो कबूल झाला. नाना आणि काकूंना मूलबाळ नव्हतं. त्या वर्षीपासून प्रत्येक हंगामात मी त्यांच्या घरी राहिले. पहाटे तालीम, मग शाळा, मग पुन्हा तालीम. काकू म्हशीचं धारोष्ण दूध पितळी तांब्यात भरून समोर उभ्या राहायच्या, आणि तांब्या रिकामा झाल्याशिवाय हलायच्या नाहीत. गावातली माणसं तालमीच्या दारातून डोकावून हसायची. नाना त्यांच्याकडे पाहायचेही नाहीत. मला पट काढायला, म्हणजे समोरच्याची मांडी धरून त्याला खाली आणायला शिकवताना ते स्वतः गुडघ्यांवर बसायचे, म्हणजे त्यांची मांडी माझ्या हाताच्या उंचीला यायची. त्यांचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते, हे मला फार उशिरा कळलं.

आमची एकच अडचण होती. आम्ही मातीत सराव करायचो आणि निवडीच्या स्पर्धा मॅटवर व्हायच्या. मॅटवर पाय वेगळा पडतो, वेग वेगळा लागतो. नाना जिल्ह्याच्या संघटनेकडे मॅटसाठी वर्षानुवर्षं अर्ज देत होते. तिथले सचिव अर्ज ठेवून घ्यायचे, चहा पाजायचे आणि परत पाठवायचे.

माझ्या वयोगटातलं शेवटचं वर्ष आलं. बापाने सांगून ठेवलं होतं की या वर्षी राज्याला निवड झाली तर पोरगी आणखी खेळेल, नाही तर स्थळं बघायची. निवड चाचणी नगरला होती. शेवटच्या कुस्तीत माझ्यासमोर सचिवांची पुतणी आली. ती कच्ची नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगते. मॅटवर एक पंच असतो, कडेला दुसरा, आणि टेबलाशी तिसरा, तो प्रमुख. तिघांपैकी दोघांचं मत जुळलं की निकाल. त्या दिवशी टेबलाशी नाना बसले होते. स्वतःच्या शिष्येच्या कुस्तीला वस्तादाने बसू नये, हे मलाही माहीत होतं. पण परवाना असलेले पंच कमी होते, आणि सचिवांनीच त्यांना बसवलं होतं. मला तर उलट बरंच वाटलं. वाटलं, नाना आहेत म्हणजे माझ्यावर अन्याय होणार नाही.

शेवटचे काही सेकंद उरले होते आणि आम्ही बरोबरीत होतो. कडेपाशी मी तिचा पट काढला, तिला खाली आणलं, आणि मग आम्ही दोघी घसरत बाहेर गेलो. मॅटवरच्या पंचाने लाल पट्टीचा हात वर केला. लाल मी होते, निळी ती. कडेच्या पंचाने मान हलवली आणि माझा पाय आधीच बाहेर गेल्याची खूण केली. तसं असेल तर गुण तिचा. सगळ्यांच्या माना टेबलाकडे वळल्या. नाना थोडा वेळ समोरच्या कागदाकडे बघत राहिले... मग त्यांनी निळा हात वर केला.

परतीच्या एसटीत नाना पुढच्या बाकावर बसले आणि शेवगाव येईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. घरी काकूंनी ताट वाढलं. मी ताट बाजूला सारलं. तेव्हा नाना पहिल्यांदा बोलले. "पाय बाहीर हुता, पोरी. मी काय करू?" मला त्यांचीच दया आली. स्वतःच्या पोरीविरुद्ध खरा निकाल द्यायला किती मोठं मन लागलं असेल, असं मला वाटलं. मी त्यांच्या पाया पडले.

दोन महिन्यांनी टेम्पोतून मॅट आली. संघटनेने दिली, असं नाना म्हणाले. आम्ही पोरींनीच ती उतरवून घेतली, एकेक जड तुकडा दोघी-दोघींनी उचलून आत नेला. नारळ नानांनी माझ्या हातून फोडून घेतला. त्याच वर्षी राज्याच्या स्पर्धांना पंच म्हणूनही त्यांना बोलावणं आलं. मी टाळ्या वाजवल्या. पुढे माझं लग्न झालं. नवरा समजूतदार निघाला, त्याने मला शिकू दिलं, आणि मी राहात्याच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाले. सतरा वर्षं मी माझ्या डाव्या पायाला दोष दिला. माझ्या विद्यार्थिनींना सांगत आले की कडेला गेलात तर पायाकडे लक्ष ठेवा, माझ्यासारखं करू नका. एकदा स्वप्नातसुद्धा मी त्या पायाला ओढून आत घेत होते.

मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या स्पर्धांना एक वयस्क पंच आले. त्यांनी मला ओळखलं. त्या दिवशी लाल हात वर करणारे तेच होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अगदी सहज म्हटलं की तुमच्या बाबतीत त्या दिवशी फार वाईट झालं. मी म्हटलं, पाय बाहेर गेला, त्याला कोण काय करणार. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "बाई, पाय वीतभर आत होता. कुस्तीच्या आधी सचिव तुमच्या वस्तादांना बाजूला घेऊन मॅटचं बोलले होते. मी तिथंच उभा होतो. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

पुढच्या रविवारी मी शेवगावला गेले. नाना अंगणात बाजेवर बसले होते. साखरेच्या आजाराने शरीर उतरलं होतं, पण बसणं तेच होतं, पाठ ताठ. काकू चहा ठेवायला आत गेल्या आणि मी विचारलं, "नाना, माझा पाय आत होता का?"

कुणी सांगितलं, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "व्हय. आत हुता."

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील आणि मी भांडेन. ती सगळी तयारी वाया गेली. मी विचारलं की मग घरी येऊन मला खोटं का सांगितलं. ते म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर तू पुन्हा तालमीत पाय ठिवला नसता. अन् तुझ्यामागं बाकीच्या बी गेल्या असत्या." मग त्यांनी मॅटवर घडलेल्या पोरींची नावं घ्यायला सुरुवात केली. ही पोलिसात लागली, ती राज्याला खेळली, पूजाने तालीम धरली. मी त्यांना मध्येच थांबवलं. म्हटलं, "ती कुस्ती माझी होती, नाना. ती तुमची नव्हती द्यायला."

"न्हवती," ते म्हणाले.

"वाईट वाटतं का?"

"तुझ्यापुरतं वाटतं. मॅटपुरतं न्हाई वाटत."

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा मी उभी होते. चहा न घेता निघाले. नानांनी मला थांबवलं नाही. तीच आमची शेवटची भेट.

दहाव्यानंतर तालमीत शोकसभा झाली. आम्ही सगळे मॅटवरच बसलो होतो. ते सचिव आता फार थकलेत, पण आले होते. रंगनाथ वस्तादांचा हात आयुष्यात कधी खोटा पडला नाही, असं ते माइकवर म्हणाले, आणि लोकांनी माना डोलावल्या. मग पूजाने माझं नाव पुकारलं. मी उठले. उसाचा फड सोडवून नानांनी मला कसं घरी आणलं ते सांगितलं, दुधाचा तांब्या सांगितला, त्यांचे गुडघे सांगितले. हे सगळं खरंच होतं. काकू समोर बसून डोळे पुसत होत्या, त्यामुळे पुढचं तोंडातून निघालं नाही. मी खाली बसले आणि मला कळलं की मीही आत्ता निळा हातच वर केला. म्हणून हे लिहिते आहे. ज्या माणसाने मला उसातून बाहेर काढलं त्यानेच मला विकलं, आणि सतरा वर्षं मला माझ्याच पायाविरुद्ध उभं केलं. ही दोन्ही कामं एकाच माणसाने केली. त्यांची बेरीज कशी करायची ते मला अजून येत नाही.

सभा संपल्यावर काकूंनी मला तालमीला लागून असलेल्या नानांच्या खोलीत नेलं. मी तिथे बऱ्याच वर्षांत गेले नव्हते. एका भिंतीवर राज्याला खेळलेल्या मुलींचे फोटो ओळीने लावले होते, प्रत्येकीच्या गळ्यात पदक, बाजूला नाना. ओळीच्या अगदी सुरुवातीला, दाराजवळ, एक खिळा मोकळा होता. पुढे भिंत भरली, खालची ओळ सुरू झाली, तरी त्या खिळ्यावर काही लावलं नव्हतं.

काकू म्हणाल्या, "ह्यो तुझा. त्या दिवशी नगरला निघायच्या आधी सकाळी त्यांनीच ठोकला. म्हनले, संध्याकाळी पोरगी जिंकून यील, उद्या फोटो काढू. मागनं मी कितीदा म्हनले, दुसरा कुनाचा तरी लावा. लावू दिला न्हाई."

काकूंना बाकीचं काही माहीत आहे की नाही, ते मी विचारलं नाही. मी त्या खिळ्याकडे बघत राहिले. म्हणजे घरातून निघेपर्यंत नानांच्या मनात मी जिंकलेली होते. जे काही झालं ते शेवगाव ते टेबलापर्यंतच्या वाटेत झालं, दुपारच्या आत झालं...

काकूंनी माझा एक फोटो मागितला. आता तरी लावू म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, मी राज्याला कुठं खेळले?" मी खिळा बोटांनी धरून उपटायला बघितला. गंज धरून तो भिंतीत पक्का बसला होता. बोटांना तांबडं लागलं. ते पदराला पुसलं आणि खोलीचं दार ओढून घेतलं.