माल्ट्यात हरवलेले मामंजी

खरं तर आम्ही दोघंच जाणार होतो. यांचे मामेभाऊ मुंबईत एका आगबोट कंपनीच्या कचेरीत कारकून आहेत. दिवाळीला घरी आले तेव्हा ते म्हणाले, की फ्रान्सातल्या मार्सेलिसला जाऊन त्याच बोटीने परतणाऱ्यांना तिकीट बरंच स्वस्तात मिळतं. यांचा कौलांचा धंदा त्या वर्षी बरा चालला होता. जेवणं आटोपल्यावर हे हळूच मला म्हणाले, "जाऊया का? दोघंच." त्यातलं 'दोघंच' त्यांनी अशा काही आवाजात म्हटलं, की मी हातातलं ताट तसंच धरून उभी राहिले.

मी काही बोलायच्या आत पडवीतून मामंजींचा आवाज आला, "पोरांना दर्याचं काय कळतंय? मी येतो संगतीला."

मामंजी पूर्णगडचे जुने तांडेल. शिडाच्या गलबतावरून मस्कत-बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. ते निघाले म्हटल्यावर सासूबाईंनी विचारलं, "मग यांच्या पथ्याचं कोण बघणार?" झालं. दोघांचे चार झाले.

यात माझाही एक हेतू होता. रत्नागिरीच्या एका कन्याशाळेत मला शिक्षिकेची जागा देऊ केली होती आणि पावसाळ्यापूर्वी उत्तर कळवायचं होतं. सासूबाई "बघू" म्हणाल्या होत्या. आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. हे म्हणत, "सवडीने बोलू." ती सवड काही येईना. मी मनात म्हटलं, चारही बाजूंना पाणी असल्यावर हे पळून पळून जातील कुठे?

ज्यांना जायचं आहे त्यांनी शिमगा झाल्यावर निघावं, तेव्हा समुद्र शांत असतो. रत्नागिरी बंदरातून पडावात बसून खोल पाण्यात उभ्या असलेल्या आगबोटीपर्यंत जावं लागतं. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजतंच, तेव्हा नेसतं लुगडं साधंच असावं. डेकवर जागा धरायची ती मधोमध, पुढच्या टोकाला नव्हे. जवळ लिंबं आणि आमसुलं ठेवावीत. पडाववाल्यांना वल्ही कशी मारावीत हे सांगू नये. मामंजींनी सांगितलं, त्यामुळे आमची वळकटी सगळ्यांत शेवटी वर चढली.

मुंबईला पोचून मार्सेलिसच्या मोठ्या बोटीवर पाऊल टाकलं आणि पहिला धक्का बसला. दुसऱ्या वर्गात बायकांच्या खोल्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. हे आणि मामंजी एका अंगाला. मी, सासूबाई आणि एक घोरणाऱ्या मिशनरी बाई दुसऱ्या अंगाला. दिवसा डेकवर खुर्च्या मांडल्या जात, त्याही ओळीने: मामंजी, हे, सासूबाई आणि शेवटी मी. हे उठून कठड्याशी गेले की थोड्या वेळाने मीही जाई. "त्या शाळेचं..." एवढं म्हणते न म्हणते तोच पाठीमागून मामंजी विचारत, "काय रे, वारा बघतोस?" आणि यांना खरोखरच वाऱ्याविषयी बोलावं लागे.

एडन येईपर्यंत मात्र मामंजींनी आम्हाला बरीच मोकळीक दिली, कारण ते आडवे झाले होते. अख्खा जन्म समुद्रावर काढलेल्या माणसाला बोट लागली! "हिला शीड नाय," ते उशीत तोंड खुपसून म्हणत, "माणसानं बघायचं कुठं?" पण हे त्यांच्या उशाशी आमसूल घेऊन बसलेले, त्यामुळे त्या मोकळिकीचा मला काहीच उपयोग झाला नाही. सासूबाई ठणठणीत होत्या. बोटीवरचं जेवण म्हणजे उकडलेले बटाटे आणि सूप नावाचं पांढरं पाणी. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गोव्याकडचा एक स्वयंपाकी हुडकून काढला. तो कोंकणीत बोले, या मराठीत रागावत. त्यानंतर आम्हाला रोज आमटी-भात आणि मासळी मिळू लागली. तुम्ही जाल तेव्हा स्वयंपाकी कुठला आहे, ते पहिल्या दिवशीच विचारून घ्या.

सुएझच्या कालव्यात दोन्ही बाजूंना नुसती वाळू. मामंजी तोवर उठून बसू लागले होते. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "खाडी म्हणायची, तर कांदळाची झाडं कुठायत?"

भूमध्य समुद्र निळा असतो असं पुस्तकात वाचलं होतं, पण तो थंडही असतो हे कोणी लिहिलं नव्हतं. लोकरी शाल न्यावीच. माल्ट्याला बोट सकाळी लागली. उतारूंना लाँचमधून किनाऱ्यावर सोडलं आणि तिसऱ्या प्रहरी धक्क्यावर हजर राहा, असं बजावलं. आपल्याकडे जसा लाल जांभा, तसा तिथे मधाच्या रंगाचा दगड. घरं त्याचीच, तटबंदी त्याचीच, आणि पायऱ्या, पायऱ्या, पायऱ्या. रस्ता म्हणून जो दाखवतील तो जिनाच निघतो.

धक्क्याला होड्या लागल्या होत्या. लाल, पिवळ्या, निळ्या; आणि प्रत्येकीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेले. मामंजी जागीच उभे राहिले. एका म्हाताऱ्या नावाड्याजवळ जाऊन त्यांनी एकदम विचारलं, "कम?"

नावाडी चमकला. "खम्सा," तो म्हणाला.

'कम' म्हणजे किती आणि 'खम्सा' म्हणजे पाच; तिथली भाषा अरबीच्या नात्यातली निघाली. मामंजींचं अरबी म्हणजे बसऱ्याच्या धक्क्यावरचं: आकडे, मासे, भाकरी आणि शिव्या. तेवढ्यावर दोघांचं असं जमलं, की "डोळ्यांचा रंग कशाचा करतात ते बघून आलोच" म्हणून मामंजी त्याच्या होडीत चढले आणि समोरच्या किनाऱ्याकडे निघून गेले.

आम्ही बाजार बघितला, देवळासारखं मोठं चर्च बघितलं, धक्क्यावर परत आलो. मामंजींचा पत्ता नाही. लाँचमध्ये उतारू बसू लागले. सासूबाई पिशव्या घेऊन दगडी खुंट्यावर बसल्या आणि यांना म्हणाल्या, "तुम्ही दोघं जा, शोधा. मी हितून हलत नाय."

दुसरी होडी करून आम्ही पलीकडे गेलो. "झेपू, झेपू," असं त्या नावाड्याचं नाव सांगत लोक वर बोट दाखवत. वर म्हणजे पुन्हा पायऱ्या. हे अंगाने भारी. पुढे मी, मागे हे. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं, की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आज पहिल्यांदाच आम्ही खरोखर दोघंच आहोत. मी तिथेच थांबले.

"शाळेला काय कळवू?"

"आत्ता?" यांना धाप लागलेली. "बाबा हरवलेत!"

"चालता चालता सांगा."

हे चार पायऱ्या चढले आणि भिंतीला टेकले. "खरं सांगू? लाज वाटते. लोक म्हणतील, याचा धंदा बुडाला म्हणून बायकोला नोकरीला धाडली."

"लोक म्हणतील. तुम्ही काय म्हणाल?"

त्यांनी घाम पुसला, खाली बंदराकडे बघितलं. "मी म्हणेन, धंदा बुडालेला माणूस माल्ट्याला जातो का?"

मला हसू आवरेना. हसत हसत मी पुढे धावले आणि एका वळणावर चुकले. इकडे गल्ली, तिकडे गल्ली, कुठेच कोणी नाही. तेवढ्यात खालून हाक आली, "इंदू! अगं इंदू!" आमच्यात नवऱ्याने बायकोला भर रस्त्यात नावाने हाक मारायची रीत नाही. पण तिथे समजणार कोणाला? मी मुद्दाम दुसऱ्या हाकेपर्यंत ओ दिली नाही.

मामंजी झेपूच्या अंगणात तिवईवर बसून पाव आणि तळलेले मासे खात होते. शेजारी झेपू डोळे पुसत हसत होता. दोघं एकमेकांना शिव्या शिकवत होते. "या, या," मामंजी म्हणाले, "हा आपलाच माणूस. फक्त देव निराळा."

"बोट सुटेल!" हे ओरडले. बापावर आवाज चढवायची यांची ही पहिलीच वेळ. मामंजी निमूटपणे उठले.

झेपूने शीड उभारलं. सुकाणू मामंजींनी धरलं, आणि आगबोटीत आडवा झालेला माणूस लाटांवरून ताठ बसून आम्हाला धक्क्यावर घेऊन आला. लाँच अजून तिथेच होती. तिचा दोर ज्या खुंट्याला बांधला होता, त्याच खुंट्यावर सासूबाई दोन्ही पाय रोवून बसल्या होत्या. समोर खलाशी हात जोडत होता, आतले उतारू घड्याळं दाखवत होते. सासूबाई सगळ्यांना एकच उत्तर देत होत्या, "वेट." मिशनरी बाईंकडून शिकलेला तेवढाच शब्द त्यांच्यापाशी होता.

लाँचमध्ये त्या मामंजींकडे पाठ करून बसल्या. डेकवर पोचल्यावर पदर तोंडाला लावून रडल्या. "माणूस हरवला," त्या म्हणाल्या, "आणि कोण हरवलं ते सांगायला माझ्याजवळ शब्द नाय." मग डोळे पुसून यांना म्हणाल्या, "हिला शाळेत जाऊ दे. पोरींना शिकव म्हणावं."

"शाळेचं अजून माझ्या मनात आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी चकित झाले. मी त्यांच्या 'बघू'नंतर तो विषय त्यांच्यासमोर काढलाच नव्हता.

"कठड्याशी बोलतेस, वारा आमच्या खुर्चीकडं येतो. स्वयंपाक्यालापण ठाऊक आहे."

मार्सेलिसचं काय सांगू? बंदर मोठं आहे, कॉफी कडू आहे, आणि तिथल्या मासळीबाजारात सासूबाईंनी दोन मासे हुंगून ते शिळे ठरवले. परतीला मामंजींना बोट पुन्हा लागली. मुंबईहून आम्हाला कोकणच्या आगबोटीची, पावसाळ्याआधीच्या शेवटच्यांपैकी एक फेरी मिळाली, आणि शाळा उघडली त्या दिवशी मी छत्री घेऊन बाहेर पडले. लोक बोलले. हे आपलं तेच माल्ट्याचं उत्तर देत राहिले आणि काही दिवसांनी लोकांचा विचारायचा उत्साह मावळला. घरात यांचं "ऐकलंस का" पुन्हा सुरू झालं आहे. त्याला माझी तक्रार नाही. हाक मारता येते, हे आता दोघांनाही माहीत आहे.

पूर्णगडची मंडळी आली, की मामंजी पडवीत माल्ट्याची गोष्ट सांगतात. त्यांच्या गोष्टीत ते हरवलेलेच नाहीत. हरवलो आम्ही दोघं, आणि त्यांनी परक्या मुलखात भाषा चालवून आम्हाला हुडकून आणलं. परवा सासूबाईंना राहवलं नाही. त्या दारात येऊन म्हणाल्या, "ह्येच हरवले होते. पण सापडले, तेवढं खरं." आणि पाहुण्यांना चहा ठेवायला आत गेल्या.