मिठाच्या पाण्यातला प्रश्न

तुमसर-बपेरा एसटीत ती रोज माझ्या शेजारी बसायची. कृषी सहायक होती. नाव मी कधी विचारलं नाही. नोकरी सांभाळून, परवडेल अशी ऑनलाइन एमएस्सी करायची म्हणून तिनं दोन-चार ठिकाणी चौकशी केली, आणि तेव्हापासून प्रवेशवाल्यांनी फोन करकरून तिचं डोकं खाल्लं होतं. बस खडखडायची म्हणून ती फोन स्पीकरवर टाकायची आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, "वर्ग किती वाजता रायते?"

पलीकडून उत्तर यायचं, "मॅडम, फीमधली सूट फक्त आजच आहे!"

माझेच कान तापायचे. अरे, तिनं सूट विचारली का? ती मात्र फोनची काच ओढणीनं सावकाश पुसायची आणि म्हणायची, "धानाचं बी मिठाच्या पाण्यात टाकलं का पोचट दाणे आपोआप वर येतेत. यायलेबी या एका प्रश्नात टाकून पाहून राहिली."

एकदा फोनवर पलीकडे एक मुलगी होती, बोलण्यावरून आमच्याकडचीच. तिनंही आधी सूटच सांगितली. मग आवाज बारीक करून म्हणाली, "ताई, खरं सांगू? वर्ग दुपारीच रायते. नोकरीवाल्यायले जमत नाही. मीबी इथंच नाव घातलं होतं. या फोनच्या ड्युटीपायी सुटलं."

बाईनं फोन ठेवला. काच पुसली नाही. इतके दिवस कधी न चढलेला तिचा आवाज त्या दिवशी साऱ्या बसनं ऐकला.

"जे हिले स्वतःले करू देलं नाही, तेच हिच्या तोंडून मले विकून राहिले!"